आधी काय होतं, हे विचारू द्या

कागलहून रोज एसटीने येणारी अकरावीतली एक मुलगी. विश्वाच्या प्रसरणावरचा तास संपत आला होता, वह्या मिटत होत्या, तेवढ्यात तिने हात वर केला. "सर, महास्फोटाच्या आधी काय होतं?" वीसेक वर्षं जे उत्तर देत आलो, तेच मी दिलं. काळच तिथून सुरू झाला, त्यामुळे ‘आधी’ या शब्दाला तिथे अर्थ नाही. उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे असं विचारण्यासारखंच ते. दृष्टान्त स्टीफन हॉकिंग यांचा, त्यामुळे वजनदार. "म्हंजे काहीच नव्हतं?" तिने पुन्हा विचारलं. मी मान हलवली आणि घंटा झाली.

त्या दिवशी मी तिला चुकीचं सांगितलं. त्या क्षणाआधी काही नव्हतं, असं आजचं भौतिकशास्त्र म्हणत नाही. आपली समीकरणं तिथे चालत नाहीत, एवढंच ते म्हणतं. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक आम्ही शिक्षकांनी, व्याख्यात्यांनी आणि विज्ञानावर लिहिणाऱ्यांनी पुसून टाकला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आधी काय होतं हा उघडा प्रश्न आहे आणि तो मोजमापाने सुटण्यासारखा आहे. मोजमाप अजून व्हायचंय. ते होईपर्यंत मुलांना तो उघडाच सांगायला हवा, आणि ते मोजमाप व्हावं म्हणून आपण नागरिकांनीही बोलायला हवं.

पक्कं काय आहे ते आधी सांगून टाकतो. विश्व प्रसरण पावतंय. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी ते अतिशय दाट आणि तापलेलं होतं. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजनपासून हेलियम तयार झाला आणि विश्वातल्या साध्या द्रव्याच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा त्याने व्यापला. हिशेब आणि निरीक्षण जुळतं. 3,80,000 वर्षांनी प्रकाश मोकळा झाला. तोच प्रकाश आज 2.7 केल्विनपर्यंत, म्हणजे उणे 270 अंश सेल्सियसच्या आसपास, निवून आकाशाच्या प्रत्येक दिशेने आपल्याकडे येतो. त्याला पार्श्वप्रारण म्हणतात. 1965 साली तो ओळखला गेला. पहिल्या सेकंदापासून पुढची ही कथा कुणी सहज मोडून काढेल असं नाही. वाद आहे तो त्या पहिल्या सेकंदातल्याच अगदी सुरुवातीच्या क्षुल्लक अंशाचा, आणि त्याच्याही आधीचा.

वाद कुठून सुरू होतो ते समजायला गुऱ्हाळ बरं. लहानपणी थंडीच्या दिवसांत मामांच्या गुऱ्हाळावर मी तासन्‌तास बसायचो. चुलवाणात चिपाडं सारली जायची, काहिलीत रस उकळायचा, वर आलेली मळी झाऱ्याने काढली जायची. गुळव्या लांब दांड्याने सतत ढवळत असायचा, कारण ढवळलं नाही तर तळाचा पाक करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. एका काहिलीत सगळीकडे सारखी ऊब येते ती या ढवळण्याने, रसाचा रसाला स्पर्श होतो म्हणून. आता समजा, एक गुऱ्हाळ शिरोळला आहे आणि दुसरं राधानगरीला. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, निरोप गेलेला नाही. तरी दोन्ही काहिलींतला रस एका लाखात एक भाग इतक्या फरकाने सारखाच तापलेला निघाला, तर? गुळव्याला विचारलं तर तो म्हणेल, हे आपोआप होत नसतं.

आकाशात नेमकं हेच दिसतं. पूर्वेकडून येणारा तो प्राचीन प्रकाश आणि पश्चिमेकडून येणारा, दोघांचं तापमान सारखं आहे. फरक आहे तो लाखात एक भाग. पण प्रकाश मोकळा झाला तेव्हा आकाशावर साधारण दोन अंशांपेक्षा, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या चार पूर्णचंद्रांपेक्षा, जास्त अंतरावर असलेल्या दोन भागांची एकमेकांशी गाठ पडायला वेळच मिळालेला नव्हता. मग सगळं आकाश एकाच काहिलीत ढवळल्यासारखं कसं?

1980-81मध्ये अलेक्सेई स्टारोबिन्स्की आणि अ‍ॅलन गुथ यांनी, आणि लगोलग आंद्रेई लिंडे, आंद्रेआस अल्ब्रेख्त व पॉल स्टाइनहार्ट यांनी, ज्या कल्पनेला आकार दिला तिला इन्फ्लेशन म्हणतात. आपण स्फीती म्हणू. ती सांगते: काहील एकच होती. रस ढवळून सारखा झाला होता. मग सेकंदाच्या कल्पनातीत लहान अंशात विश्व निदान 10चा 26वा घात इतक्या पटीने फुगलं आणि त्या एकाच काहिलीतले थेंब आज आकाशाच्या दोन टोकांना जाऊन बसले. कल्पना इतकी सुबक आहे की पहिल्यांदा कळते तेव्हा माणूस हरखून जातो. आणि तिचं खरं बळ आणखी पुढे आहे. 1981मध्ये मुखानोव्ह आणि चिबिसोव्ह यांनी दाखवलं की या फुगण्यात क्वांटम पातळीवरची सूक्ष्म थरथर ताणली जाऊन पुढच्या दीर्घिकांची बीजं तयार होतात. मोठ्या आणि छोट्या अंतरांवरची ही थरथर जवळजवळ सारखी असावी, पण तंतोतंत सारखी नसावी, असं त्यातून निघतं. तंतोतंत सारखेपणाचा आकडा 1. पार्श्वप्रारणाचा नकाशा काढणाऱ्या प्लँक उपग्रहाने मोजलेला आकडा सुमारे 0.965. आधी गणित, मग दशकांनी मोजणी. स्फीतीला नुसती ‘कल्पना’ म्हणून उडवून लावणारे लेख मी वाचतो, तेव्हा मला हा 0.965 त्यांच्यासमोर ठेवावासा वाटतो.

तरीही स्फीतीपाशी माझं समाधान होत नाही. एक तर ती सुरुवातीच्या प्रश्नाला हातच घालत नाही. 2003मध्ये बोर्ड, गुथ आणि व्हिलेन्किन यांनीच सिद्ध केलं की फुगणारं विश्व भूतकाळात अनंत मागे नेता येत नाही. त्याच्याही मागे काहीतरी लागतंच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. स्फीतीची रूपं फार झाली. 2013च्या एका मोठ्या सर्वेक्षणात 74 वेगवेगळी प्रतिरूपं, म्हणजे मॉडेल्स, तपासली गेली. एक निरीक्षणात बसलं नाही तर दुसरं पुढे येतं. त्यात बहुतेक प्रतिरूपांत ही फुगवण कुठेतरी चालूच राहते आणि असंख्य विश्वं निर्माण होत राहतात, ज्यांत जे जे होऊ शकतं ते कुठे ना कुठे होतंच. जे काहीही घडलं तरी चुकत नाही, ते आपल्याला नेमकं काय सांगतं? हा आक्षेप कुण्या बाहेरच्या टीकाकाराचा नाही. स्फीतीची इमारत बांधणाऱ्यांतले एक, पॉल स्टाइनहार्ट, तो घेतात. 2017मध्ये त्यांनी अ‍ॅना आयजस आणि अ‍ॅव्ही लोब यांच्यासोबत एका लोकप्रिय विज्ञान मासिकात हे उघड लिहिलं, तेव्हा 33 शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं. त्यांत गुथ, लिंडे आणि हॉकिंगही होते. सह्यांची संख्या हा मुद्दा होऊ शकत नाही, असं मला तेव्हाही वाटलं. पण त्या उत्तरात एक गोष्ट रास्त होती: प्रतिरूपं अनेक असली तरी त्यांतलं एकेक निरीक्षणाने बाद करता येतं, आणि बरीच बाद झालीही आहेत.

स्टाइनहार्ट यांच्यासारख्यांचा पर्याय म्हणजे उसळी. विश्व आधी आकसत होतं, एका मर्यादेपर्यंत दाटलं, आणि तिथून उसळून प्रसरू लागलं. महास्फोट म्हणजे मग सुरुवात राहत नाही, वळण होतं. दोन गुऱ्हाळांचा प्रश्न इथे दुसऱ्या वाटेने सुटतो: आकसण्याच्या लांबलचक काळात रस ढवळायला हवा तेवढा वेळ होता. खोऊरी, ओव्रुट, स्टाइनहार्ट आणि टुरोक यांनी 2001मध्ये अशी मांडणी केली, आणि पुढच्याच वर्षी स्टाइनहार्ट-टुरोक यांनी तिला चक्राकार रूप दिलं.

पण उसळी मारणं सोपं नसतं, आणि ते का सोपं नाही हे दाखवण्यात आपल्याकडच्या माणसाचा मोठा हात आहे. कोलकात्यात काम करणाऱ्या अमलकुमार रायचौधुरी यांनी 1955 साली एक समीकरण दिलं. गुरुत्वाकर्षण आकर्षितच करत असेल, तर एकमेकांकडे वळलेले मार्ग एकमेकांना गाठल्याशिवाय राहत नाहीत, असं त्याचं सार. पुढे पेनरोझ आणि हॉकिंग यांनी याच पायावर सिद्ध केलं की आइनस्टाइनच्या समीकरणांत विश्व मागे नेलं की घनता अनंत होते. उसळी हवी तर कुठेतरी गुरुत्वाने आकर्षण सोडून ढकलायला लागायला हवं. त्यासाठी विचित्र गुणाचं द्रव्य मानावं लागतं किंवा गुरुत्वाचाच क्वांटम सिद्धांत लागतो. दुसऱ्या वाटेवर ठळक नाव आहे ते शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकर यांचं. 1986मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी हा गुरुत्वाचा क्वांटम सिद्धांत उभा राहिला. 2006मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी संगणकावर विश्व मागे चालवून पाहिलं. घनता प्लँक घनतेच्या, म्हणजे जिथे गुरुत्वालाही क्वांटम नियम लागतात त्या अतिप्रचंड घनतेच्या, सुमारे 0.41 पटीपर्यंत चढते, तिथे अवकाशाची कणदार रचना जागी होते, गुरुत्व ढकलू लागतं आणि विश्व उसळतं. अनंत कुठेच येत नाही. शिवाय या उसळीनंतर स्फीती होऊ शकते! म्हणजे उसळी आणि स्फीती नेहमीच एकमेकींच्या वैरिणी असतात असंही नाही. हे आमच्या व्याख्यानांत कधी येत नाही.

इथे मला आमच्या गावाबद्दल बोलायचंय. जयंत नारळीकर यांचा जन्म 19 जुलै 1938 रोजी कोल्हापुरात झाला. 20 मे 2025 रोजी ते गेले, असं लिहितानाही हात अडखळतो. त्यांची आठवण आपण काढतो ती थोर शास्त्रज्ञ, विज्ञानकथालेखक, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक म्हणून. पण ते सगळं आयुष्य महास्फोटाच्या विरोधात उभे होते, हे आपण हळूच बाजूला ठेवतो, जणू थोरामोठ्यांचा एखादा हट्ट. 1993मध्ये फ्रेड हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी मांडलेलं विश्व दीर्घकाळात प्रसरत जातं, पण मध्ये मध्ये चार-पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांनी आकसतं आणि पुन्हा उसळतं. शून्याला कधीच टेकत नाही. उसळीची प्रतिरूपं आज पुन्हा चर्चेत आहेत, म्हणून नारळीकर बरोबर होते असं म्हणायचा मोह होईल. तो टाळावा. त्यांच्या विश्वात पार्श्वप्रारण जुन्या ताऱ्यांच्या प्रकाशाचं होतं, लोहाच्या सूक्ष्म सुयांनी निववलेलं, आणि त्या प्रारणातल्या नेमक्या चढउतारांचा जो नकाशा पुढे उपग्रहांनी काढला, तो महास्फोटाच्या गणितात सहज बसतो, त्यांच्या गणितात ओढूनताणून बसवावा लागतो. बहुसंख्यांनी ते प्रतिरूप नाकारलं, माझ्या मते योग्यच केलं. तरी मला नारळीकर मोठे वाटतात ते याचसाठी. त्यांनी मत नुसतं बोलून दाखवलं नाही. ते समीकरणांत लिहिलं, आकडे दिले, जिथे चूक पकडता येईल तिथे मान पुढे केली. 2008मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली तेव्हाही त्यांची रीत हीच होती. ज्योतिषांना कुंडल्या द्यायच्या, हुशार मूल कोणतं आणि बौद्धिक अक्षमता असलेलं कोणतं हे आधी लिहून घ्यायचं, मग मोजायचं. 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

आणि म्हणूनच एका गोष्टीचा मला त्रास होतो. उसळीच्या विश्वाबद्दल कुठेही बोललो की सभेतून हमखास कुणीतरी उठतं: "म्हणजे आपल्या पुराणांत आधीच होतं की! कल्प, प्रलय, पुन्हा सृष्टी." ब्रह्मदेवाचा एक दिवस 432 कोटी वर्षांचा, हा आकडाही सांगितला जातो. हे बोलणाऱ्यांच्या श्रद्धेचा मला अनादर करायचा नाही. पण चक्राची कल्पना असणं आणि चक्र सिद्ध होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. 432 कोटींचं आवर्तन कुठल्याही उसळी प्रतिरूपात नाही. उद्या निरीक्षणाने उसळी खोटी ठरली, तर हीच मंडळी पुराणं खोटी ठरली असं म्हणतील का? म्हणणार नाहीत, आणि म्हणूही नये. मग उसळीच्या विजयातही वाटा मागू नये. परंपरेतलंच काही घ्यायचं असेल तर ऋग्वेदातलं नासदीय सूक्त घ्यावं. सृष्टी कुठून झाली हे तो वरचा अध्यक्ष जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नसेल, असं म्हणून ते थांबतं. इतकं धीट वाक्य म्हणणाऱ्यांचे आपण वारस आहोत, आणि आपल्याला मात्र खात्रीची घाई.

आता मोजमापाकडे. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव कोल्हापूरकराला सांगायला नको. नोव्हेंबरात 9, 10, 11 आणि नंतर 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पितळी उंबरा ओलांडतात, कटांजनापाशी पोचतात, मग देवीचे चरण, कंबर, मुख. गर्दी श्वास रोखून एकेक टप्पा बघत असते. आणि कधी कधी किरणं कमरेवरूनच लुप्त होतात. तेव्हा कुणी म्हणत नाही की पोचली. उघड सांगितलं जातं: आज पोचली नाहीत, ढग होते, हवेत बाष्प होतं, धूळ होती, रस्त्यावर काहीतरी आडवं आलं होतं. अभ्यासक उपकरणं लावून प्रकाशाची तीव्रता मोजतात, अडथळे शोधले जातात. तारीख आधी ठरलेली, खूण आधी ठरलेली, आणि न जमल्याची कबुली चारचौघांत. याहून चांगला विज्ञानाचा धडा मला माझ्या प्रयोगशाळेतही देता येत नाही.

17 मार्च 2014 रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 दुर्बिणीच्या गटाने जाहीर केलं की स्फीतीने उठवलेल्या गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशातल्या तरंगांची, खूण त्यांना पार्श्वप्रारणाच्या ध्रुवीकरणात, म्हणजे त्या प्रकाशाच्या कंपनांच्या दिशेत, सापडली. जगभर आनंद झाला. मीही वर्गात पेढे वाटले होते. जानेवारी 2015मध्ये प्लँकच्या गटासोबत एकत्र हिशेब झाला आणि कळलं की ती खूण आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची होती. किरणं कमरेपर्यंतच आली होती. गटाने ते मान्य केलं आणि पुन्हा कामाला लागला. 2021पर्यंत त्यांनी मर्यादा खाली आणली: या लहरींचं प्रमाण दाखवणारा आर हा आकडा 0.036पेक्षा कमी असला पाहिजे. स्फीतीची कित्येक साधी, पाठ्यपुस्तकी रूपं त्याने मोडीत निघाली. आणि उसळीकडची मंडळीही सुटली नाहीत. ज्यात आकसताना साधं द्रव्यच वरचढ असतं, त्या उसळीच्या सोप्या रूपात लहरी इतक्या जास्त निघतात की तेही बाद.

उरलेला खेळ याच आकड्यावर आहे. स्टाइनहार्ट यांच्या पद्धतीच्या संथ आकसण्यात या लहरी जवळपास शून्य निघतात. त्या सापडल्या तर हा पर्याय संपला. सापडल्या नाहीत तर स्फीती संपली असं मात्र होणार नाही, कारण फार कमी लहरी देणारी तिची रूपं शिल्लक राहतील. सामना असा एकतर्फी आहे, आणि तो तसाच सांगायला हवा. उसळीवाल्यांनी मान पुढे केली आहे, या एका बाबतीत माझा कल त्यांच्याकडे झुकतो. जपानचा लाइटबर्ड उपग्रह आर 0.001च्या आसपास तपासण्यासाठी आखलेला आहे. आणि 2018मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी सीएमबी-भारत नावाचा याच कामाच्या उपग्रहाचा प्रस्ताव इस्रोला दिला होता. चंद्रावर उतरलो तेव्हा रंकाळ्यावर फटाके वाजले, तो आनंद मीही घेतला. पण रायचौधुरी, नारळीकर, अष्टेकर यांच्या देशाने हा आकडा दुसऱ्याकडून ऐकावा, हे मला पटत नाही. हिंगोली जिल्ह्यात लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेसाठी 2023 साली 2,600 कोटी मंजूर झाले. तशीच आस्था या मोजणीबद्दल दाखवा, असं आपल्या खासदारांना पत्र लिहायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. ऊस, पूर, पंचगंगेचं प्रदूषण यांपुढे ही मागणी चैनीची वाटेल, याची मला कल्पना आहे. तरी मी ती करतो, कारण आमच्या वर्गात हा प्रश्न रोज विचारला जातो आणि विचारणारी मुलं ऊस तोडणाऱ्यांच्या, पूर सोसणाऱ्यांच्या घरातलीच असतात.

त्या कागलच्या मुलीला मी दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलं, की माझं उत्तर चुकलं होतं. फळ्यावर एक रेघ ओढली. उजवीकडे पहिल्या सेकंदापासून पुढचं पक्कं लिहिलं, डावीकडे स्फीती, उसळी आणि आर लिहिला. तिने वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "सर, उसळ्या सारख्याच होत राहिल्या, तर उष्णता साठत नाही जाणार?" मी थक्क झालो. 1934मध्ये रिचर्ड टोलमन यांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता: प्रत्येक चक्रात एन्ट्रॉपी, म्हणजे उष्णतेबरोबर वाढणारी अव्यवस्था, वाढते, म्हणून पुढचं चक्र मागच्यापेक्षा लांब होतं, म्हणून मागे जाताना चक्रं लहान लहान होत जातात आणि कुठेतरी सुरुवात येतेच. मी तिला आयजस-स्टाइनहार्ट यांचं अलीकडचं उत्तर सांगितलं. विश्व एका आवर्तनात प्रचंड फुगतं आणि थोडंसंच आकसतं, त्यामुळे जुनी एन्ट्रॉपी इतकी पातळ होते की आपल्या दृष्टीआड जाते. तिने पेन्सिलीने बाजूला हिशेब मांडला. "मग मागे मागे गेलं की विश्व दरवेळी लहानच होणार की, सर." 2022मध्ये किनी आणि स्टाइन यांनी गणिताने हेच दाखवलंय, की अशा चक्रांनाही भूतकाळात टोक असतं.

"मग त्याच्या आधी?" ती म्हणाली. घंटा झाली होती, पण वर्गातून कुणी उठलं नाही.